अकोल्याचा हात

अख्ख्या वऱ्हाडात शब्दांच्या बाबतीत माझ्या साडूंइतका चिक्कू माणूस दुसरा झाला नसेल. साठच्या दशकात ते अकोल्याच्या तारघरात होते, मी अमरावतीच्या. गिऱ्हाइकाला शब्दागणिक पैसे पडायचे, ती काटकसर यांच्या जिभेला कायमची चिकटली. घरी चहासुद्धा तारेसारखा मागायचे, "चहा. साखर कमी." मेव्हणी विचारायची, "जास्त बोलले तं मी काय पैसे घेते का?" कामाची गर्दी ओसरली की आम्ही दोघे तारेवरच गप्पा मारायचो. तारेवर प्रत्येकाचा हात वेगळा वाजतो. यांचा मी लगेच ओळखायचो, कारण माझी थट्टा करण्याआधी ते हसू आवरल्यासारखे क्षणभर थांबायचे.

निवृत्तीनंतर मुलाने कॉम्प्युटर घेऊन दिला, तर यांनी त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकलं, म्हणजे टाइप केलेल्या हुकमांवर चालणारी प्रणाली. माउस रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. "बोट दाखून काम सांगायले ते काय मुकं हाय?" काळ्या पडद्यावर दोन-दोन अक्षरांचे हुकूम टाइप करत दिवसभर बसायचे. काम नीट झालं की ते यंत्र काहीच बोलत नाही, यावर तर बेहद्द खूश. मला म्हणाले, "तुह्यासारखं भाजी आणली तरी गावभर सांगत नाही." एकदा नातवाच्या बारशाचे सगळे फोटो यंत्राने न विचारता पुसून टाकले. घरात रडारड झाली. साडू शांत. "मी सांगतलं, त्यानं केलं. त्याची काय चूक?"

त्यांचं डोकं फिरलं, असं सगळे नातेवाईक म्हणायचे. ही बातमी अमरावतीत पसरवणारा मीच होतो, हे आता लिहून टाकलेलं बरं. ते फोन करायचे, "तूही लिनक्स टाक. मंग तारेवानी लाइन सुरू करू." मी सांगायचो, "आमचा कॉम्प्युटर बिघडून राहिला," आणि त्याच कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसायचो. पुढे फोन येईनासे झाले.

मग एका लग्नात मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, हे सारं तुमच्याशी बोलाले शिकले ते. आता हात थरथरतात, तरी रोज संध्याकाळी लाइन उघडून बसतात."

मी घरी येऊन लिनक्स टाकून घेतलं आणि शिकायला बसलो. चुकत-माकत जमलं. पडद्याचे दोन भाग झाले, वर मी, खाली ते. इकडे अक्षर दाबलं की तिकडे तेव्हाच उमटतं, अगदी तारेसारखं. पूर्वी हाक मारायचो तशी मारली, "अकोला?"

मग खाली एक अक्षर आलं. थांबून दुसरं. एके काळचा तो वाऱ्यासारखा हात. कुठलं थांबणं थरथरीचं आणि कुठलं थट्टेचं, मला कळेना. शेवटी वाक्य पुरं झालं.

"सुधरला कॉम्प्युटर?"

मी "हो" एवढंच टाकलं.