कापलेलं सहावं प्रकरण

मंगळवेढ्याला मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. पंगत बसायच्या आत मोबाईलवर शबानाचा मेसेज आला : ‘फुप्पी सकाळी गेल्या. असरच्या नमाजनंतर दफन. यायचं असेल तर या.’ शबाना म्हणजे आमच्या शमीम मॅडमची भाची. मॅडम आजारी होत्या, हे होणार हे मला ठाऊक होतं, तरी ते शेवटचं वाक्य मी चार-पाच वेळा वाचलं. यायचं असेल तर… शबानाला सगळं माहीत होतं, म्हणूनच तिनं तसं लिहिलं होतं. असरची नमाज दुपार कलल्यावर असते, म्हणून बायकोला तिथंच ठेवून मी गाडी लगेच सोलापूरकडं वळवली. कब्रस्तानात त्यांचे कितीतरी जुने विद्यार्थी आले होते. कुणी वकील, कुणी रिक्षावाला, कुणी माझ्यासारखा टॉवेलचा कारखानदार. माती द्यायची वेळ आली तेव्हा मी मागं सरकलो. त्यांच्या भावानंच माझा दंड धरून मला पुढं आणलं. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. मॅडमवर लिही, असं बरेच जण म्हणाले. त्या किती चांगलं शिकवत, एवढंच लिहून थांबता आलं असतं. पण माझ्या हातून जे घडलं ते वगळून लिहिणं म्हणजे मी त्यांच्याशी एकदा जे केलं तेच पुन्हा केल्यासारखं होईल.

मॅडम कॉलेजात इतिहास शिकवायच्या. मी पद्मशाली, विणकरांच्या घरातला, सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर वडिलांच्या मागांवर, असं चाललेलं. बी.ए. झालो तर लग्नाला बरं, एवढाच माझा इतिहासाशी संबंध. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात जपानवर एक धडा होता आणि त्या धड्यात चार ओळी अशा होत्या की, दीडशे वर्षांपूर्वी जपानचं एक मोठं शिष्टमंडळ पाश्चात्त्य देश पाहायला गेलं. त्या चार ओळींवर मॅडमनी दोन आठवडे घेतले. मंत्री, अधिकारी, विद्यार्थी असे सगळे जहाजात बसून आधी अमेरिकेला आणि मग युरोपला गेले, जवळजवळ दोन वर्षं हिंडले. आपला देश मागं पडलाय हे कळलेले लोक होते ते. गिरण्या, शाळा, तुरुंग, पार्लमेंटं, काचेचे कारखाने, जे दिसेल ते बघायचं आणि घरी जाऊन सांगायचं. शिकायला म्हणून पाच मुलींनाही बरोबर नेलं होतं, सगळ्यांत धाकटी सहा वर्षांची. ‘‘सहा वर्षांची पोर रे,’’ मॅडम म्हणायच्या, ‘‘जहाजातून परत कधी येणार ठाऊक नाही, तरी पाठवली.’’ शिष्टमंडळातला एक लेखनिक रोज सगळं टिपून ठेवी. परतल्यावर त्याच्या नोंदींचे पाच खंड छापले गेले. त्या माणसावर मॅडमचा फार जीव. युरोपची श्रीमंती फार जुनी नाही, चाळीसेक वर्षांतली आहे, असं त्यानं हिशेब मांडून आपल्या लोकांना लिहिलं होतं. ‘‘म्हणजे काय, की आपल्यालाही जमेल!’’ असं म्हणून त्या टेबलावर थाप मारायच्या आणि मागच्या बाकावर झोपलेले आम्ही जागे व्हायचो.

त्या खंडांचं इंग्रजी भाषांतर त्यांनी वाचलं होतं. पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचलेलं त्यांना पुरेना, म्हणून चाळिशीत जपानी शिकायला लागल्या. दर रविवारी पहाटेच्या एस.टी.नं पुण्याला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, चार वर्षं. सोलापुरात शुक्रवार पेठेत भावाच्या घरी वरच्या खोलीत त्या राहत. लग्न केलं नव्हतं. खालच्या मजल्यावर दखनी उर्दू, कॉलेजात मराठी आणि वरच्या खोलीत मोठ्यानं जपानी उजळणी. मूळ पुस्तक जुन्या भाषेत आहे, ते मला शेवटपर्यंत पुरतं वाचता येणार नाही, हे त्या स्वतःच सांगायच्या. त्या सांगण्यात कमीपणा नसायचा. जे येत नाही ते येत नाही म्हणावं, एवढी साधी गोष्ट होती त्यांच्या लेखी.

पुढं त्या निवृत्त झाल्या. मी कारखाना वाढवला, आमच्या कारखानदारांच्या संघाचा सचिव झालो. बाहेरच्या देशांतलं गिऱ्हाईक सोलापूरच्या टॉवेलकडं पाठ फिरवायला लागलं तेव्हा संघानं ठरवलं की सात जणांनी जपानला जाऊन तिथले माग बघून यायचे. समुद्रकाठचं एक गाव आहे, टॉवेलसाठीच ओळखलं जातं. दुभाष्या हवा होता. मी शुक्रवार पेठेत गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, ‘‘येते. पण नुसती बोलणार नाही, लिहिणार. अहवाल माझा. आहे कबूल?’’ मी हो म्हणालो. वाटलं, एवढं सोपं काम दुसरं कुठलं असणार?

पहिल्याच कारखान्यात दारापाशी आम्हाला कानात घालायचे बोळे दिले. आम्ही साती जणांनी ते खिशात टाकले. मॅडमनी घातले आणि आत गेल्यावर फोरमनला प्रश्न विचारायला सुरुवात केली. कामगारांचे कान कधी तपासता? कोण तपासतं? बिघडले तर काय करता? आमचे अध्यक्ष वैतागले. ‘‘मॅडम, मशीनचा स्पीड विचारा की. कान काय विचारायलाव?’’ त्यांनी स्पीड विचारला, सांगितला आणि पुन्हा कानांवर आल्या. बाहेर पडल्यावर बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. काहीतरी म्हणाल्या, मी मान हलवली. त्या उठल्या, जागा बदलून माझ्या डाव्या हाताला येऊन बसल्या.

‘‘श्रीनिवास, तुझा उजवा कान गेलाय.’’

‘‘काही गेलेला नाही मॅडम. बसचा आवाज आहे.’’

‘‘बस उभी आहे.’’

मला राग आला. माझे वडील शेवटी ठार बहिरे झाले होते. आमच्या गल्लीत म्हातारपण असंच येतं, असं मी धरून चाललो होतो. आम्ही सगळे ओरडून बोलतो, तो आमचा स्वभाव आहे, असंही. मॅडम खिडकीबाहेर बघत सांगत राहिल्या : त्या शिष्टमंडळानं इंग्लंडच्या गिरण्या डोळे भरून पाहिल्या. काहींनी लंडनच्या गरीब वस्त्याही पाहिल्या. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी जपानात गिरण्या आल्या तेव्हा खेड्यांतल्या पोरी त्यांत छातीच्या रोगानं मेल्याच. ‘‘पाहिलं होतं, माहीत होतं, तरी मेल्या… हा बोळा फोरमननं मला दिला ना, तो यायला त्यांना शंभर वर्षं लागली. आपल्याला तेवढी लावायची आहेत का?’’

परत आल्यावर त्यांनी माझ्याकडं एकच मागणं केलं : तुझ्या कामगारांचे कान तपासू दे. मला वाटलं, हौस आहे, होऊ दे. कान तपासणारी एक मुलगी त्यांची विद्यार्थिनी निघाली. पॅकिंगच्या खोलीत दोन दिवस तपासणी चालली. बहुतेकांचे कान कमी-जास्त बिघडलेले निघाले. राजेशम म्हणून माझा सगळ्यात जुना कामगार, वडिलांच्या वेळचा. त्याचे तर जवळजवळ गेलेलेच होते. मॅडमनी हे सगळं सहाव्या प्रकरणात लिहिलं. माणसांची नावं नव्हती, कारखान्याचं होतं, कारण ते घालायला मी होकार दिला होता.

त्याच सुमारास बाहेरदेशचं एक मोठं गिऱ्हाईक सोलापुरात येणार असं ठरलं. अहवालाची छापील प्रत त्यांच्या हातात द्यायची, असा संघाचा बेत. अध्यक्षांनी मला घरी बोलावलं. सहावं प्रकरण समोर उघडं ठेवलं होतं. ‘‘हे त्यांनी वाचलं तर ऑर्डर राहील का? आणि तुझाच कारखाना आहे ह्याच्यात. तूच बघ काय करायचं ते.’’ त्यांनी काढ म्हटलं नाही, हे मी नंतर स्वतःला फार वेळा सांगितलं. प्रेसमध्ये मी स्वतः गेलो. सहावं काढून सातव्याला सहा नंबर द्या, असं सांगायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मॅडमना फोन करायला मात्र जमलं नाही. आज करू, उद्या करू… आणि प्रकाशनाचा दिवस आला.

हॉल भरलेला होता. पाहुणे पहिल्या रांगेत, मी स्टेजवर. मॅडमचा सत्कार झाला, त्यांच्या हातात पुस्तक दिलं गेलं. त्या जागेवर जाऊन बसल्या आणि पानं उलटायला लागल्या. अध्यक्षांचं भाषण चालू होतं, पण माझं लक्ष त्यांच्या हाताकडं. हात थांबला, मागं गेला, पुन्हा पुढं आला. त्या उभ्या राहिल्या.

‘‘एक शंका आहे.’’

अध्यक्ष हसले. ‘‘बोला की मॅडम, पुस्तक तुमचंच आहे.’’

‘‘मी सात प्रकरणं लिहिली होती. इथं सहा आहेत.’’

कुणीतरी खुर्ची सरकवली. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, मग सगळ्या हॉलनं बघितलं.

‘‘श्रीनिवास, तू सांग,’’ मॅडम म्हणाल्या. वर्गात विचारायच्या तसाच आवाज.

‘‘पानं वाढत होती मॅडम. जागा नव्हती.’’

त्यांनी पुस्तकाची मागची बाजू उघडली आणि एकेक पान मोजलं. ‘‘शुभेच्छांच्या जाहिराती अकरा पानं आहेत,’’ एवढंच म्हणाल्या. पुस्तक खुर्चीवर ठेवलं, शाल त्याच्यावर ठेवली आणि चालत बाहेर गेल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना.

गोष्ट तिथंच थांबली असती तर मी आज कदाचित लिहिलंही नसतं. पण तपासणीचा कागद संघात फिरला होता. बहिरा माणूस मागावर ठेवलास आणि काही झालं तर तू अडकशील, असं जो तो मला सांगू लागला. मी राजेशमला म्हणालो, चार दिवस घरी बस, मग बघू. चार दिवसांचे पंधरा झाले. तो थेट गेला शुक्रवार पेठेत, मॅडमकडं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मॅडम रिक्षातून कारखान्याच्या फाटकात उतरल्या, मागं राजेशम. प्रकाशनानंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर आलो होतो.

‘‘ह्याला काय म्हणाला होतास, ते माझ्यासमोर म्हण.’’

मी फाटकाची कडी लावायला लागलो. राजेशमच मोठ्यानं बोलला, त्याला दुसरं येतच नव्हतं. ‘‘मॅडम, तुमी कशाला ते मशीन लावलाव कानाला? चांगलं चाललं होतं की माझं. आता हे घरी बसवायलेत.’’

मॅडमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. हॉलमध्ये त्या चिडल्या होत्या. इथं त्या घाबरल्या होत्या. स्वतःच्या हातून काय झालं, हे बघून माणूस घाबरतो तशा. ‘‘माझ्या कागदानं ह्याची भाकरी जाणार असेल,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तर प्रकरण तू कापलंस तेच बरं केलंस, असं मला म्हणावं लागेल. मला तसं म्हणायला लावू नकोस.’’

राजेशमला मी त्याच दिवशी घडी घालायच्या विभागात घेतलं, मागांपासून लांब. पगार तोच ठेवला. मॅडम पाणीसुद्धा न घेता गेल्या. त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. ईदला मी शबानाकडं मिठाई द्यायचो, ती घ्यायची, वरून कुणी उतरायचं नाही.

मूत्रपिंडाचं दुखणं वाढलं तेव्हा शबानाचा फोन आला, फुप्पीनं बोलावलंय. वरच्या खोलीत मी पहिल्यांदाच गेलो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या. माझ्या तोंडात माफीचे शब्द तयार होते. त्यांनी हात वर केला. ‘‘ते नको. बैस.’’ मग सहाव्या प्रकरणाची टाईप केलेली प्रत माझ्या मांडीवर ठेवली. ‘‘छाप म्हणत नाही. तू हे कधी नीट वाचलेलंच नाहीस, हे मला माहीत आहे. इथं बसून वाच.’’

तासभर मी वाचत होतो. त्यांनी डोळे मिटले होते, पण पान उलटायला वेळ लागला की उघडायच्या. शेवटच्या पानावर त्यांनी पेनानं नवा मजकूर घातला होता : तपासणीचा निकाल मालकाच्या हातात देण्याआधी कामगाराची नोकरी राहील असं लेखी घ्यायला हवं होतं, ते मी घेतलं नाही, ही चूक माझी. मी वर बघितलं.

‘‘ही तुमची चूक नाही मॅडम.’’

‘‘माझीच आहे. तुझी वेगळी आहे,’’ त्या म्हणाल्या आणि थोडं हसल्या. ‘‘प्रत घेऊन जा.’’

माफ केलं का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. अकरा दिवसांनी मंगळवेढ्यात मेसेज आला.

गेल्या सोमवारी पॅकिंगच्या खोलीत पुन्हा तपासणी ठेवली. कान तपासणारी तीच मुलगी आली. सगळे माग बंद केले, तरच तपासणी खरी होते. आधी सगळ्यांच्या हातात माझ्या सहीचा कागद दिला : निकाल काहीही येवो, काम राहील, पगार राहील. तरी कुणी पुढं येईना. राजेशम दारात उभा होता, त्यानंही नजर टाळली. मुलगी माझ्याकडं बघू लागली.

मग मीच खुर्चीवर जाऊन बसलो. तिनं हेडफोन चढवले, मशीनकडं वळली आणि म्हणाली, आवाज आला की हात वर करा सर. डाव्या कानात आला, मी हात वर केला. पुन्हा आला, पुन्हा केला. मग तिनं उजव्या कानाचं बटण दाबलं. तिचं बोट दबलेलं मला दिसत होतं. तीस-पस्तीस माणसं माझ्या हाताकडं बघत होती, आणि तो वर उचलणं अगदी सोपं होतं… मी हात मांडीवरच ठेवला. तिनं आवाज वाढवला असावा, काटा सरकला. मी हात मांडीवरच ठेवला. तिनं कागदावर लिहून घेतलं.

मी उठलो तेव्हा खुर्चीमागं राजेशम येऊन उभा होता. त्याच्या मागं रांग लागली होती.