न खाल्लेल्या पावडरीचा गुण

झुंबरबाई चौऱ्याहत्तरीची, पण जीभ अजून विळ्यासारखी. तुंगार्लीत राजेश्वरी मॅडमच्या बंगल्यावर ती झाडलोट करायची आणि मनातल्या मनात तिथल्या पाहुण्यांना नावं ठेवायची. ही मंडळी लोणावळ्याला यायची कशाला, तर म्हातारपण लांबणीवर टाकायला! चार पायऱ्या चढल्या की धापा टाकणार, आणि मॅडम विकायच्या ती अमायनो ॲसिडची पावडर पाण्यात ढवळून पिणार. त्यानं म्हणे अंगातलं अँटिऑक्सिडंट वाढतं, आतला गंज निघतो. "अंग हलवलं न्हाई तर गंज चढंलच की," झुंबरबाई फणकारायची.

मॅडमनी एकदा तिलाही डबा दिला. "मावशी, रोज दोन चमचे घ्या. दोन महिन्यांनी रक्त तपासू." तिनं चिमूटभर जिभेवर ठेवली. गोडमिट्ट, आणि वर नासक्या अंड्याचा वास. शी! डबा फळीवर गेला तो गेलाच.

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. अँटिऑक्सिडंट पाहुण्यांपेक्षाही वाढलेलं! मॅडम टाळ्याच पिटायला लागल्या. डबा तर फळीवरच, गुण होता तो झाडलोटीचा! झुंबरबाईला हसू आवरेना. एवढी शिकलेली बाई, आणि इतकी बावळट? खरं सांगायचं सोडून तिनं मजा बघितली. नवं लुगडं नेसून, डबा छातीशी धरून जाहिरातीसाठी फोटोसुद्धा काढून घेतला. तळ्याच्या रस्त्याला त्याचा फ्लेक्स लागला, तेव्हा येता-जाता त्याच्याकडं बघून ती एकटीच खुदखुदायची.

शेजारच्या विठाबाईला त्यातली गंमत कुणी सांगितलीच नव्हती. दोघी एकाच वर्षी गावात सुना म्हणून आलेल्या. फ्लेक्स बघून विठाबाईनंही डबा आणला आणि पावडरीच्या भरवशावर बीपीची गोळी बंद केली. महिन्याभरात धुणं धुताना चक्कर येऊन ती दगडावर आपटली. थोडक्यात वाचली, डॉक्टर म्हणाले, आता गोळी चुकवायची नाही.

झुंबरबाई धावत गेली. "अगं येडे, गोळी सोडतं का कुनी? एका चिमटीपल्याड म्या ती पावडर खाल्ली न्हाई!"

कपाळाला पट्टी बांधलेली विठाबाई तिच्याकडं वळून म्हणाली, "सगळ्या गावाला फसवलंस ते फसवलंस. मलाबी?"

झुंबरबाईला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्याच दिवशी तिनं मॅडमना तोंडावर सगळं सांगितलं आणि फ्लेक्स उतरवायला लावला. काम सुटलं. आता रोज सकाळी ती पाण्याचा तांब्या घेऊन विठाबाईच्या दारात जाते. विठाबाई तिच्या देखत गोळी गिळते, तांब्या परत देते. बोलत मात्र नाही.