मीटरचा तळवा

माझ्या धाकट्या भावाला कारखान्यात सगळे 'मीटर' म्हणतात. घरात आम्ही 'ढिम्म' म्हणतो, पण ते त्याला माहीत नाही असं समजू या.

तिथे फायबरग्लासचे दांडे बनतात. काचेचे धागे रेझिनमध्ये बुडवून तापलेल्या साच्यातून ओढायचे, पलीकडून टणक दांडा बाहेर येतो. तो पास की नापास, हे बावीस वर्षं माझा भाऊ ठरवतो. कडकपणा, जाडी मोजायला यंत्रं आहेत. पण जिन्याच्या कठड्याचा माल असला की शेवटी तो उघडा तळवा फिरवतो. रेझिन कमी पडलं असेल तर काचेची कुसं वर येतात. डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला खाजतात. खाजलं की माल परत. नियमाच्या कागदात एवढंच आहे की वर धागे उघडे नकोत. ते ओळखायचं कसं? मीटरला बोलवा.

भावजय वारली त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून मी त्याच्याकडेच असते. तो रडला नाही, चिडला नाही. एकदा मी भाजीत मीठ घालायला मुद्दाम विसरले, तर गपगुमान संपवून उठला. रविवारी तापलेलं झाकण नुसत्या हातानं उचललं. मी किंचाळले. तो म्हणाला, "हं."

मंगळवारी संध्याकाळी त्यानं पिशवीतून हातभर पिवळा दांडा काढला.

"ताई, जरा हात फिरव यावरून."

"काठी आणलीस? एवढी म्हातारी दिसते होय मी?"

"फिरव गं."

फिरवला. मिनिटभरात तळव्याची आग आग झाली. "अरे मेल्या! काय आहे हे?"

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. "मला काहीच लागत नाही. रविवारी तू किंचाळलीस तेव्हा शंका आली. असले चारशे दांडे शनिवारी मी पास केलेत. शाळेच्या जिन्याला जाणारेत. उद्या सकाळी गाडी भरतील."

"मग जा की लवकर. सांग."

"सांगितलं तर तपासणी जाईल माझ्या हातातून."

मी तळवा पदराला पुसायला लागले. त्यानं चिकटपट्टी आणली, माझ्या तळव्यावर दाबून ओढली, पुन्हा दाबून ओढली. कुसं तशीच निघतात.

"दुखतंय?"

"खाजतंय."

"कसं?"

आता खाज कशी सांगायची? मी आपलं काहीबाही बडबडले, नवीन लोकरीचा स्वेटर, मानेवरचे कापलेले केस. तो परगावची बातमी ऐकावी तसा ऐकत होता.

सकाळी सहाला गेला. माल थांबला, चारशेच्या चारशे नापास झाले. भाऊ आता पॅकिंगला आहे, दांड्यांना कागद गुंडाळतो. तपासणीला नवीन मुलगी आहे. रात्री जेवताना तो तिचं सांगतो.

"आज तिला दोनदा खाजलं."

"आणि तुला?"

"नाही."

भाजी आजही अळणीच. मी मिठाचं भांडं पुढे सरकवते. तो घेत नाही.