आत्याला हसवायचं नाही

आमच्या कळव्याच्या आत्याला विनोद सांगायची बंदी होती, कारण ती हसली की पडायची. खरोखरच पडायची. गुडघे दुमडायचे, मान लटकायची आणि बाई जमिनीवर. मिनिटभरात उठून पदर सावरायची.

पडायची नाही तेव्हा झोपायची. रात्रभर झोपूनही दिवसा तांदूळ निवडताना, हळदीकुंकवात हातात वाण धरून, एकदा तर आरतीत उभ्याउभ्या. झोपेला सगळे आळस म्हणायचे. पडण्याला आळस म्हणता येईना, म्हणून शेजाऱ्यांनी ती फिट ठरवली आणि ती पडली की कोणीतरी नाकाला चप्पल लावायचं. "मला सगळं कळत असतं गं, फक्त हलता येत नाही," आत्या म्हणायची. "कालची चप्पल संडासातली होती."

शेवटी बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, हा आळस नाही आणि फिटही नाही, झोपेचाच आजार आहे. जन्मभर राहील, पण सांभाळता येईल. गोळ्या दिल्या आणि दिवसा ठरवून थोडं झोपायला सांगितलं. "लोक उठायला गजर लावतात, मी झोपायला लावते," असं ती मग ऐटीत सांगू लागली.

पण तिचं लग्न जमत नव्हतं. दोन स्थळं पडण्यापायीच मोडली. डोंबिवलीचं स्थळ आलं तेव्हा बाबांनी दम भरला, "काही झालं तरी हसू नकोस."

आत्याने पोह्यांची बशी पुढे करतानाच मुलाला सांगून टाकलं, "मी दिवसा झोपते आणि हसले की पडते. नंतर फसवलं म्हणू नका."

"माझं उलट आहे," मुलगा म्हणाला. "मी बोलायला लागलो की समोरचे झोपतात."

आत्या कोसळली. त्याने आधी बशी पकडली, मग आत्याला. बाबांनी कपाळाला हात लावला. मुलगा म्हणाला, "माझ्या विनोदाला इतकी दाद आजवर कोणी दिली नव्हती. मला मुलगी पसंत आहे."

हेच आमचे काका. ते तिला आधी खाली बसवायचे आणि मग पोटभर हसवायचे. मला ते फार आवडायचे.

काका अचानक गेले. तेराव्याला आम्ही गॅलरीत त्यांचे किस्से हळूच सांगत होतो आणि आत्या आली की गप्प बसत होतो. बाबांचा तसा हुकूमच होता. शेवटी ती दारात उभी राहिली.

"दादा, माझं रडून झालंय. आता त्यांचं काहीतरी सांगा. मी पडले तर उचला."

बाबा घसा खाकरून सांगायला लागले. आणि तिला उचललंही त्यांनीच.