न पाडलेली चार विमानं

‘साथीदार घाबरून माघारी फिरला, पण आपला वाघ एकटाच शत्रूच्या चार विमानांवर तुटून पडला.’ हे वाक्य मी तिसऱ्यांदा वाचलं आणि प्लेट काढायचं थांबवलं.

ऑफसेट छपाईत प्रत्येक पानाची एक पातळ ॲल्युमिनियमची प्लेट निघते. ती निघाली की मजकूर बदलणं म्हणजे नवी प्लेट. म्हणून आधी साध्या कागदावर प्रूफ काढतात. अर्जुनीतल्या माझ्या प्रेसमध्ये मजकूर ज्याच्याबद्दल असेल त्याची प्रूफवर सही लागते. बावीस वर्षांचा नियम. नवरीचं नाव चुकलं की मंडपात काय होतं ते मी पाहिलं आहे.

काम होतं स्मरणिकेचं. विंग कमांडर लांजेवार आमच्या तालुक्याचे. एकाहत्तरच्या लढाईतले फायटर पायलट, शौर्यपदक मिळालेले. गावानं त्यांचा सत्कार ठरवला होता. समितीचे अध्यक्ष धनराजभाऊ; मजकूरही त्यांचाच. दर पंधरा ऑगस्टला ते हेच भाषण करतात.

“मॅडम, काम काऊन थांबवलं जी? परवा कार्यक्रम हाय.”

“साहेबांची सही नाही.”

“मी अध्यक्ष हाव ना. मी करतो.”

“विमान तुम्ही चालवलं होतं?”

“तुमी छापाचं काम करा. तपासाचं राहू द्या.”

तपास मी आधीच केला होता. फोटो काढण्यासाठी साहेबांचं लॉगबुक माझ्याकडेच होतं. लॉगबुक म्हणजे पायलटची उड्डाण-वही. तारीख, विमान, वेळ, काम, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. लढाईत साहेबांच्या एकोणीस सॉर्टी होत्या. सॉर्टी म्हणजे एक फेरी: गेलं, काम केलं, परत आलं. पूल, रेल्वे यार्ड, तोफा. पाडलेलं विमान एकही नाही. एका ओळीत मात्र शेरा होता: ‘नंबर टू हिट. सोबत घेऊन परत.’

मी स्कूटी काढली आणि प्रूफ अन् परत द्यायचं लॉगबुक घेऊन साहेबांच्या गावी गेले. ते तलावाच्या पाळीवर होते. पाणी सोडायचं दार, ज्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात, ते गळत होतं. ऐंशीच्या घरातला माणूस उकिडवा बसून ते बघत होता. तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला.

त्यांनी प्रूफ वाचलं. “चार? मागच्या वर्षी तीन होते.”

“साहेब, खरे किती?”

“शून्य. ते आमचं कामच नव्हतं. आम्ही पूल पाडायला जायचो.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“स्टेजवर हार गळ्यात असताना कोण बोलतो, ताई? माझी चूक आहे.” त्यांनी बोट पहिल्या शब्दावर ठेवलं. “हा साथीदार म्हणजे तिवारी. माझा नंबर टू. लीडर पुढे पाहतो, नंबर टू लीडरची पाठ राखतो. त्या दिवशी माझी पाठ राखताना त्याला गोळे लागले. विमान निम्म्या वेगानं चाललेलं. मी त्याच्याभोवती घिरट्या घालत त्याला घरी आणलं. पदक त्याचंच आहे. परवा कार्यक्रमाला त्याची बायको रायपूरहून येऊन राहिली. तिच्या हातात हे पुस्तक देणार?”

तिवारी दोन वर्षांपूर्वी वारले होते. उत्तर द्यायला ते येणार नव्हते.

साहेबांनी पेन्सिलनं वाक्य खोडलं, खरं लिहिलं, सही केली. मी परत आले.

धनराजभाऊंनी खोडलेलं पाहिलं. “शून्य? मंत्री येऊन राहिले. फ्लेक्सवर चार लागले.”

“फ्लेक्स मी नाही छापला.”

“गाव माझं, कार्यक्रम माझा. जसं दिलं तसं छापा.”

“नाही.”

“गोंदियात शंभर प्रेस हायेत.”

“शंभर नाहीत. पण जा.” मी त्यांच्या मजकुराचा पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला.

गोंदियातून स्मरणिका वेळेत आली. वाक्य जसंच्या तसं, वर जाड टाइपात.

कार्यक्रमात मंत्र्यांनी प्रकाशन करून पहिली प्रत साहेबांपुढे धरली. साहेबांनी हात पुढे केला नाही. माइक स्वतःकडे ओढला.

“हे पुस्तक मी घेत नाही. यात माझ्या माणसाला पळपुटा म्हटलं आहे. मी एकही विमान पाडलेलं नाही. ज्याला चार पाडलेला पायलट पाहिजे, त्यानं दुसरा आणावा.”

मग त्यांनी पिशवीतून लॉगबुक काढलं आणि ती ओळ वाचली. तारखेसकट. मंत्री हातातली प्रत कुठे ठेवावी ते शोधत होते. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. वाजवायच्या की नाही तेच कळेना.

पहिल्या रांगेत तिवारीबाई बसल्या होत्या. नंतर चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, “मुझे तो बोले थे, इंजन में खराबी थी. गोली की बात पचास साल छुपाई.”

“मेरे सामने भी खराबी ही बोलता था,” साहेब म्हणाले.

आठ दिवसांनी धनराजभाऊ पाचशे प्रती रिक्षात घालून माझ्या दारात. साहेबांनी निरोप धाडला होता: ते वाक्य असलेली एकही प्रत वाटली, तर घरोघरी जाऊन परत आणेन. साहेब ते करतील याची गावाला खात्री होती.

“झाकाची पट्टी छापून द्या, मॅडम. आनी हसू नोका.”

मी हसले नाही. साहेबांचं वाक्य चिकटपट्टीवर छापलं. गोंदियाच्या प्रेसनं टाइप मोठा घेतल्यानं पट्टी अपुरी पडली. कडेनं ‘घाबरून’ डोकावत राहिलं. पुन्हा छापली. पाचशे पट्ट्या धनराजभाऊंनी माझ्या टेबलाशी बसून स्वतः चिकटवल्या. दोन दिवस लागले.

त्यातून मी शिकले ते इतकंच: पट्टी वाक्याहून दोन बोटं लांब घ्यावी.