खंडेनवमीला हरवलेला सूक्ष्मदर्शक

सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका पितळी यंत्राचे प्रकरण मात्र काल घडल्यासारखे आठवते. त्यात कोणी मेले नाही की कोणाला शिक्षा झाली नाही. चूक झाली ती माझी, आणि ती कबूल करायला आता मला कोणाची भीती उरलेली नाही.

कोणाचेही नाव घेणार नाही. हैदराबाद संस्थान जाऊन बरीच वर्षे लोटली होती, आणि आमचा भाग महाराष्ट्रात आला होता. तरी उस्मानाबादकडची जुनी माणसे फौजदाराला अजून ‘अमीनसाहेब’च म्हणत. मी तिथल्या एका ठाण्याचा फौजदार होतो. तुळजापूरच्या नवरात्राचा बंदोबस्त आटोपून परतलो होतो, उभे राहून राहून पाय सुजले होते, आणि चार दिवस कोणी काही चोरू नये एवढेच मी देवीकडे मागितले होते. देवीला तेवढ्या दिवसांत इतरांची बरीच गाऱ्हाणी ऐकायची होती, माझे राहून गेले.

टपालाने एक निनावी पत्र आले. गावातल्या नव्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यापीठाच्या पैशातून आणलेले सूक्ष्मदर्शक यंत्र सोलापुरात विकून खाल्ले, दिवाळीपूर्वी विद्यापीठाचा माणूस तपासणीला येणार आहे, त्याआधी पोलिसांनी डोळे उघडावेत, असा मजकूर होता. निनावी पत्र लिहिणारा स्वतःचे नाव तेवढे लपवतो, बाकी सगळे सांगून जातो. तपासणीची बातमी कॉलेजच्या बाहेर कोणाला असणार? पत्र आतल्याच माणसाचे होते. पण जळाऊ माणसाने लिहिलेले पत्र खोटेच असते असे नाही, हेही मी नोकरीत शिकलो होतो.

जमादाराला घेऊन कॉलेजात गेलो. प्रयोगशाळेचे कपाट उघडायला लावले, तर यंत्राची जागा खरोखर रिकामी. कुलूप शाबूत, कडी शाबूत. एक किल्ली प्राध्यापकांजवळ, दुसरी प्राचार्यांच्या खोलीत खिळ्याला. प्राध्यापक म्हणजे तिशीच्या आतले, ढोकीकडच्या शेतकरी घरातले, सडपातळ गृहस्थ. दसऱ्याच्या सुटीत ते गावी गेले होते. परत आल्यावर यंत्र दिसले नाही, त्याला सहा दिवस झाले होते, आणि त्यांनी कोणालाही कळवले नव्हते. सहा दिवस गप्प बसणारा फिर्यादी मला तरी कधी भेटला नव्हता. मी त्यांना ठाण्यात आणले.

दुपारभर त्यांची जबानी चालली. विद्यापीठ निघून थोडीच वर्षे झाली होती. शिक्षकांनी नुसते शिकवू नये, स्वतः काही नवे शोधून काढावे, म्हणून विद्यापीठाने थोडी रक्कम बाजूला ठेवली होती. ज्याची कल्पना पटेल त्याला सुरुवातीपुरते मिळायचे. “पेरणीपुरतं बी दिल्यासारखं आहे, साहेब,” ते म्हणाले. “उगवलेलं दिसलं तर पुढं देतील. न्हाय दिसलं तर संपलं.” त्या पैशातून त्यांनी एक जुना, पण चांगल्या भिंगांचा पितळी सूक्ष्मदर्शक घेतला होता.

शोध कसला, असे विचारले तर ते नारूवर बोलू लागले. आमच्या भागात तेव्हा नारू घरोघर होता. पायाला फोड यायचा, त्यातून दोऱ्यासारखा लांब जंत बाहेर पडायचा, आणि तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढत बसावे लागायचे. तुटला की पाय सडायचा. ऐन सुगीत धडधाकट माणूस महिना-महिना खाटेवर पडायचा. पायऱ्या उतरून पाणी भरायच्या बारवांत हा रोग पसरतो, कारण पाण्यातला एक बारीक किडा नारूची पिल्ले पोटात घेतो आणि आपण तो किडा पिऊन टाकतो, एवढे शास्त्राला माहीत होते. आपल्याच ओढ्यातले लहान मासे त्या बारवांत सोडले तर ते किडे खाऊन टाकतील का, हे प्राध्यापकांना पाहायचे होते. त्यासाठी ते दर सोमवारी तीन बारवांचे पाणी सायकलवरून आणून सूक्ष्मदर्शकाखाली किडे मोजत. एका बारवेत मासे सोडलेले, दोन तशाच.

“तक्रार का दिली नाही?” मी दरडावले.

“तक्रार दिली की विद्यापीठाला कळणार. दिलेलं यंत्र सांभाळता आलं नाही म्हटल्यावर काम माझ्याकडून काढून घेतील. मला चोर म्हणाले तर मी सोसीन. पण आता कुठं किडे कमी व्हायला लागलेत, साहेब.”

आज वाटते, हे वाक्य ऐकून मला कळायला हवे होते. तेव्हा मला फक्त एवढे दिसले की हा माणूस चोरीपेक्षा तपासणीला जास्त भितो. मी त्यांना गाव सोडू नका म्हणून बजावले आणि एका शिपायाला सोलापुरात जुन्या वस्तूंची दुकाने धुंडाळायला पाठवले. तो दोन दिवसांनी यंत्राशिवाय आणि स्वतःसाठी घेतलेली नवी कोरी चादर घेऊन परत आला.

त्याच सकाळी ठाण्यातले लेखनिक टंकयंत्र उघडून बसले होते. खंडेनवमीला आम्ही बंदुका, संगिनी, बेड्या मांडून पूजा करतो, आणि त्या वर्षी कोणी भाविकाने टंकयंत्रालाही मनसोक्त हळदकुंकू वाहिले होते. अक्षरे चिकटून बसली होती. लेखनिक रॉकेलच्या बोळ्याने एकेक अक्षर पुसत होते आणि पूजा करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मी जरा वेळ हसत पाहत राहिलो. मग उठलो आणि थेट कॉलेजात गेलो.

प्राचार्यांना विचारले, खंडेनवमीची पूजा केली होती का? सुटी होती, कोणी केली नाही, ते म्हणाले. मी कपाटातला यंत्राचा कप्पा पुन्हा पाहिला, या वेळी गुडघे टेकून. मागच्या फटीत झेंडूच्या दोन सुकलेल्या पाकळ्या होत्या. सुटीतही रोज कॉलेज उघडून झाडलोट करणारा माणूस एकच होता, तिथला म्हातारा शिपाई. सगळे त्याला मामा म्हणत.

मामा खंडोबाच्या अणदूरचे. उंच, वाळकेसे, कपाळाला खंडोबाचा भंडारा भरलेला. ठाण्यात आणल्यावर मी आवाज चढवला, कोठडी दाखवली, नोकरी जाईल म्हणालो. ते हात जोडून खाली बघत राहिले. तासभर हेच चालले. शेवटी आमचे जमादार माझ्या कानाशी लागले. ते नळदुर्गाकडचे, अणदूरच्या लोकांना ओळखणारे. म्हणाले, “साहेब, ओरडून काय हुत न्हाय. त्यांच्या कमरंला भंडाऱ्याची पिशवी हाय. ती उचलाया सांगा.”

खंडोबाचा भंडारा हातात घेऊन अणदूरचा माणूस खोटे बोलत नाही, असे त्यांचे म्हणणे. कायद्यात याला काडीची किंमत नाही, पण मी सांगितले. मामांनी लगेच पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा कपाळाला लावला आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाले, “मल्हारीची आण. म्या चोरी केली न्हाय.”

आवाजात कुठेही कंप नव्हता. मी म्हणालो, “बरं. आता यंत्र कुठं आहे ते मला ठाऊक नाही, एवढंही म्हणा.”

त्यांनी पुन्हा पिशवीत हात घातला, पण तो तिथेच थांबला. मग त्यांनी तो काढला, पिशवीचे तोंड आवळले आणि ती परत कमरेला बांधली.

“तेवढं म्हणवत न्हाय, साहेब,” ते म्हणाले आणि रडू लागले.

मग सगळे बाहेर आले. मामांना तीनदा नारू झाला होता. तिसऱ्या वेळी तो तुटला आणि एक पाय कायमचा अधू झाला. प्राध्यापक पाण्यातले किडे मोजतात ते कशासाठी, हे त्यांना कळले तेव्हापासून ते यंत्र त्यांच्या लेखी देवच झाले होते. खंडेनवमीला सुताराचा रंधा पुजला जातो, न्हाव्याची धोपटी पुजली जाते, आणि लोकांचे पाय वाचवणारे हे यंत्र कपाटात बिनपूजेचे राहावे, हे त्यांना बघवले नाही. प्राध्यापक गावी गेलेले. मामांनी खिळ्यावरची किल्ली घेतली. पितळ काळवंडलेले दिसले, म्हणून घरची समई घासतात तसे चिंच आणि राखेने ते लखलखीत घासले, भिंगांसकट. वर पाण्याने धुतले. कपाटात मांडून हळदकुंकू वाहिले, फुले घातली, नारळ फोडून पाणी शिंपडले. दुसऱ्या दिवशी कौतुकाने डोळा लावला, तर आत नुसते धुरकट.

घाबरून ते यंत्र धोतरात गुंडाळून गावी घेऊन गेले. तुळजापूरच्या एका घड्याळजीला दाखवले, त्याने हात लावायला नकार दिला. मग ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवले. रोज सांगायचे ठरवायचे, आणि रोज प्राध्यापक कपाटापुढे उभे दिसले की झाडू उचलून दुसऱ्या खोलीत जायचे.

पंच घेऊन अणदूरला गेलो, कणगीतून यंत्र काढले, पंचनामा केला. ठाण्यात प्राध्यापकांना बोलावले. मला वाटले, आता हे म्हाताऱ्यावर तुटून पडणार. त्यांनी आधी यंत्र टेबलावर ठेवले, खिशातला रुमाल काढला, एकेक भिंग फिरवून उजेडाला धरले. दोन भिंगांवर राखेचे ओरखडे होते, आत पाणी शिरले होते. सगळ्यांत लहान तिसरे भिंग आत वळवलेले असल्याने वाचले होते.  मामा भिंतीला टेकून उभे होते.

मग प्राध्यापक म्हणाले, “मामा, मला सांगितलं असतं तर मी गावाकडं गेलो नसतो. आपण दोघांनी मिळून पूजा केली असती. फक्त चिंच लावू दिली नसती.”

चोरीला लबाडीचा हेतू लागतो. तो इथे औषधालाही नव्हता, तेव्हा गुन्हा दाखल करायचा प्रश्न उरला नाही. पण तपासणी तीन दिवसांवर होती. यंत्र अपघाताने पडले असे लिहून देतो, मी प्राध्यापकांना म्हणालो, कारण माझेही मन मला खात होते. त्यांनी हात जोडले. “खरं काय ते लिहा. मी मोजलेले आकडे त्यांनी खरे मानावेत, असं मला वाटतं. मग हीच गोष्ट खोटी कशी सांगू?” पत्र कॉलेजातल्याच कोणा सहकाऱ्याने लिहिले, हे आम्हा दोघांनाही कळले होते. तो कोण ते शोधू नका, एवढेच त्यांनी वर सांगितले.

विद्यापीठाचे गृहस्थ आले ते पांढऱ्या केसांचे, जुने विज्ञानशिक्षक. मी माझा अहवाल घेऊन मुद्दाम हजर राहिलो. त्यांनी तो दोनदा वाचला, ओरखडे पाहिले, चष्मा काढून पुसला. किड्यांच्या नोंदींची वही सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळली. दाराबाहेर मामा उभे होते, त्यांना आत बोलावून पाय दाखवायला सांगितले.  प्राध्यापकांचे सगळे काम त्या एका माणसाच्या शब्दावर अवलंबून होते.

ते म्हणाले, “पैसे देताना आम्ही प्रत्येकाला विचारतो, तुमच्या शोधाचा उपयोग कोणाला? कागदावर सगळे मोठी मोठी उत्तरं लिहितात. ज्याला उपयोग होणार त्यानं आधीच येऊन हळदकुंकू वाहिलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं.” मग प्राध्यापकांकडे वळून म्हणाले, “भिंगांची मागणी लिहून द्या. आणि पुढच्या वर्षाचीही.”

मामांना आधी काही समजलेच नाही. प्राध्यापकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा समजले.

त्या प्रकरणाने मला माझ्या धंद्यातली एक उणीव दाखवली. वस्तू गेली की आम्ही विचारतो, यात फायदा कोणाचा, राग कोणाचा, हाव कोणाची. ही वस्तू कोणाला प्रिय आहे, कोण तिचे उपकार मानतो, हा प्रश्न कुठल्याही प्रशिक्षणात आम्हाला शिकवला नव्हता. तो सुचला नाही म्हणून मी एका सज्जन माणसाला चोर समजलो आणि दुसऱ्याला कोठडी दाखवली. दोघेही मला त्याबद्दल कधी टोचून बोलले नाहीत. त्यांचे हे उपकार मी विसरलेलो नाही.

विद्यापीठाचे गृहस्थ गेल्यावर मी प्राध्यापकांची माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, आलाच आहात तर बघून जा. वाचलेल्या भिंगाखाली त्यांनी एक थेंब ठेवला. मी डोळा लावला. थेंबात तेच बारीक किडे टणाटण उड्या मारत होते. कुठले पाणी हे, मी विचारले. ते थोडे संकोचले. “तुमच्या ठाण्याच्या रांजणातलं. जबानीच्या दिवशी प्यायला दिलं होतं, त्यातलं थोडं बाटलीत आणलं होतं.”

पुढे माझी अनेक ठिकाणी बदली झाली. नव्या ठाण्यात पाऊल ठेवले की कार्यभार घेण्याआधी मी पाण्याच्या रांजणावर, किडे गाळले जावेत म्हणून, दुहेरी फडके बांधून घेत असे. हाताखालची माणसे गालात हसायची, साहेब विक्षिप्त आहेत म्हणायची. त्यातल्या एकाच्याही पायातून माझ्यासमोर नारू निघाला नाही.