अहमदपूरच्या पश्चिम खिडक्या

सकाळी नांदेडला उतरले तेव्हा माझ्या पिशवीत तापमान मोजायची दोन यंत्रं आणि एक छत्री होती. उन्हाचा राग मात्र जन्मापासूनचाच. पुण्यात मी इमारती तपासते. इमारत वीज किती खाते, ऊन किती आत घेते हे पाहायचं आणि ती हरित मानकात बसते की नाही ते सांगायचं, हे माझं काम. एप्रिलअखेरीस मराठवाड्यात कोणी हौसेनं जात नाही. पण अहमदपूरच्या एका अभ्यासिकेची परीक्षा उन्हाळ्यातच घ्यायला हवी होती.

आधी गुरुद्वाऱ्यात जाऊन लंगरमध्ये जेवले. वाढणाऱ्या म्हाताऱ्या सरदारजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच आणखी एक रोटी ठेवली. "घ्या बाई, पुढं लई ऊन हाय," ते म्हणाले. नको म्हणायची सवय मी तिथंच सोडली.

स्टँडकडे जाताना निळ्या काचांनी मढवलेली एक नवी इमारत दिसली. आतले लोक गारव्यात बसलेले आणि एसीची गरम हवा सगळी फुटपाथवरच्या फळवालीच्या तोंडावर. माझ्या धंद्यातला संताप मला तिथंच आला, पण बस सुटत होती.

लोहा गाव मागे पडलं तसा बसचा पत्रा तापला. शेजारच्या मावशींनी बाटलीतलं पाणी ओतून आपली दस्ती (हातरुमाल) ओली केली आणि सरळ माझ्या डोक्यावर ठेवली. "छत्रीनं काय हुतंय बसमधी?" त्या म्हणाल्या. मी दस्ती परत करायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. माज्याकडं पदर हाय." त्या मधल्याच एका फाट्यावर उतरल्या. नावही विचारायचं राहिलं.

अहमदपूरला सुलोचनाताई घ्यायला आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, पांढरी साडी, चालणं माझ्या दुप्पट वेगाचं. त्यांच्या वस्तीतल्या बौद्ध मंडळींनी मिळून ही अभ्यासिका बांधली. जयंतीचे निळे झेंडे अजून रस्त्यावर फडफडत होते. जागा अरुंद, त्यामुळे मुलांचं दालन पूर्वेला आणि मुलींचं पश्चिमेला आलं होतं. पश्चिमेचं दालन उन्हात टिकलं नाही, तर मे महिनाभर ते दुपारी बंद ठेवायचं असं समितीनं ठरवलं होतं. एसी लावला तर वीज परवडत नाही आणि मानकही हातचं जातं.

"बंद केलं तर पोरी घरी बसतील," ताई म्हणाल्या. "अन् घरी दुपार पोरीची नसती, मॅडम. धुणं हाय, दळण हाय, पाव्हणे हायत. पुस्तक उघडायलाच मिळत न्हाई."

त्यांनी पाठवलेल्या फोटोंत खिडक्यांबाहेर तट्ट्या होत्या. कायमच्या लोखंडी चौकटींत दरवर्षी नव्या तुराट्या (तुरीची वाळलेली काटकं) विणून बसवलेल्या. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. आत पडदे लावून उपयोग नसतो, कारण तोवर काच ओलांडून उष्णता आलेली असते. ऊन काचेबाहेर अडलं तरच खोली वाचते. तट्टी तुराट्यांची आहे की ॲल्युमिनियमची, याच्याशी मानकाला घेणंदेणं नसतं. तेच बघायला मी एवढ्या लांब आले होते.

आणि पाहते तर खिडक्या उघड्याबोडक्या! काचा लख्ख पुसलेल्या, दारात रांगोळी.

"तट्ट्या कुठं गेल्या?"

"काढल्या की कालच," ताई अभिमानानं म्हणाल्या. "पुण्याहून तपासणी येणार, अन् भिंतीला तुराट्या? शोभंल का?"

मी मटकन पायरीवर बसले. हसावं की रडावं कळेना. सूर्य डोक्यावर आला होता आणि माझ्याकडे तेवढीच एक दुपार होती. मी सगळं समजावून सांगितलं तसा ताईंचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. मग त्यांनी वर्गातल्यासारखा आवाज लावला आणि वाचत बसलेल्या सगळ्या मुली पुस्तकं पालथी घालून बाहेर आल्या.

तट्ट्या मागच्या अंगणात रचलेल्या होत्या. एक मात्र शेजारच्या मश्नाजीमामांनी देवणी गाईच्या वासरावर सावलीला घातली होती. "आत्ता कुठं निजलंय ते," मामा कुरकुरले. "जरा दमा, दुसरं कायतरी बांधतो अन् आणून देतो."

तेवढ्यात जेवण झालं. भाकरी, ठेचा आणि तुरीचं घट्ट वरण. जिची काटकं खिडकीला, तिचंच वरण ताटात. मी तीनदा घेतलं.

ऊन फिरलं तेव्हा एक सोडून सगळ्या खिडक्या झाकल्या होत्या. मी एक यंत्र झाकलेल्या खिडकीशी आणि दुसरं उघड्या खिडकीशी ठेवलं. उघडीजवळचा आकडा चढतच गेला, तिथलं बाक चटका देऊ लागलं. झाकलेल्या खिडकीजवळचा फारसा हलला नाही. मग मामा घाम पुसत आले आणि शेवटची तट्टी बसली. हळूहळू तिथला आकडा उतरू लागला. ताई माझ्या खांद्यावरून यंत्राकडे बघत होत्या. त्यांचा हात माझ्या दंडावर घट्ट होता.

चार वाजले. काल तट्ट्या काढल्यावर याच वेळी दालन रिकामं झालं होतं. आज एकही मुलगी उठली नाही. तुराट्यांच्या फटींतून मऊ उजेड येत होता, दिवाही लावावा लागला नाही. मी आकडे टिपत अस्मिता नावाच्या मुलीच्या बाकाशेजारी उभी होते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोर. मान वर न करता ती म्हणाली,

"मॅडम, थोडं सरका ना. तुमची सावली पडायलीय पानावर."

मी सरकले.

दालन मानकात बसतं, हा शेरा मी तिथंच सांगितला. ताई चष्मा पुसत राहिल्या. रात्री लातूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी मिळाली.

आता घरी माझ्या खिडकीच्या दांडीवर मावशींची दस्ती वाळत असते. परवा ताईंचा फोन आला. प्रमाणपत्र पोचलं, पण ते दर्शनी लावायचं तर एक तट्टी काढावी लागेल, काढू का? मी ओरडलेच. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पोरींनीही हेच सांगितलं, प्रमाणपत्र कपाटात ठेवलंय.

त्या एका दिवसात मला रोटी मिळाली, दस्ती मिळाली, वरण मिळालं. या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण सर्वांत जास्त ऋणी आहे ती मला बाजूला सरकवणाऱ्या त्या पोरीची. मे महिन्यातल्या आजच्या दुपारी ती त्याच बाकावर वाचत बसली असेल.